चष्मा घरी राह्यला

चिंतामणकाका माणसांशी मोजकं बोलतो. "हाव." "पाहू." "जा आता." झालं. पण कोणी एखादा अडेल गोऱ्हा त्याच्यासमोर आणून उभा केला, की याच्या तोंडाला झरा फुटतो. "काय झालं राजा? कोन बोललं तुले? जू जड लागून राह्यलं? लागनच ना बे, नवीन हाय. मले बी बाशिंग जड लागलं होतं. सवय होते. सवय नाई झाली तरी चालाव तं लागतेच."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की जयमालाकाकू स्वयंपाकघरातून ओरडते, "आइकून राह्यली मी!"

काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. दोन घरांमध्ये एकच भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला माझे आहेत.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडं. नांगरणीला सगळ्यांकडे ट्रॅक्टर येतो, पण सोयाबीन वीतभर झालं की दोन ओळींच्या मधून डवरा चालवायला अजून बैलजोडीच लागते. जोडीतला एक बैल जरा जरी तिरपा गेला, तर तणासोबत पीकही उपटून निघतं. म्हणून कोवळे गोऱ्हे शिकवायला लोक काकाकडे आणतात. चिखलीकडून आणतात, पार लोणारकडच्या सुलतानपुरातूनही एक जण टेम्पोत घालून घेऊन आला होता.

शिकवायची त्याची पद्धत ठरलेली. त्याच्याकडे एक म्हातारा बैल आहे, त्याचं नाव गुरुजी. नवा गोऱ्हा गुरुजीच्या जोडीला बांधायचा. उजवा तो उजवाच ठेवायचा, डावा तो डावाच. आधी नुसतं जू, मग जू आणि ओंडका, मग डवरा. कोणी पुढं पुढं पळायला लागला, तर त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवायचं, म्हणजे पाय आपोआप जड होतात. आणि काठी नाही. काठी म्हणजे नाहीच. "ह्या गुरुजीनं आजलोक कोनाले मारलं नाई," काका सांगतो आणि बैलाच्या मानेखाली खाजवतो. "असा गुरुजी मले भेटला असता तं..." पुढचं वाक्य तो गिळतो. मी लहानपणापासून ते वाक्य असंच अर्धवट ऐकत आले.

काकाची आणखी एक ओळ सगळ्या गावाला पाठ आहे. चिखलीच्या स्टँडवर, कृषी केंद्रात, दवाखान्यात, कुठंही काही वाचायची वेळ आली, की तो खिसे चाचपतो. आधी डावा, मग उजवा, मग बंडीचा आतला. मग जीभ टाळ्याला लावून "च्" करतो. "अरे, कोनती गाडी हाय पाहाय बरं. माहा चष्मा घरी राह्यला." हे नाटक इतकं झकास, की मीही कितीतरी दिवस घरात तो चष्मा शोधत होते.

छकुली ही त्याची एकुलती एक. पाचवीत. बोलायला लागली की थांबत नाही. बापाचे न बोललेले सगळे शब्द हिच्या वाट्याला आले असावेत. बाजारातून आल्यावर कोण कोणाशी काय बोललं हे ती क्रमवार सांगते. तिला मी धडे वाचून दाखवायचे, आणि नुसते कशाला वाचायचे? धड्यात म्हातारी आली की आमच्या शेजारणीचा आवाज, सावकार आला की गावातल्या उकंडरावांचा. छकुली खिदळायची आणि दुसऱ्या दिवशी अख्खा धडा माझ्या आवाजांसकट म्हणून दाखवायची.

फक्त पुस्तक हातात दिलं की ही पोरगी वेगळीच व्हायची.

दिवाळीनंतर एकदा मी तिचा डबा द्यायला शाळेत गेले होते. वर्गात अनुपमा मॅडम एकेकाला उभं करून वाचायला लावत होत्या. धडा होता धरणाच्या सहलीचा. छकुली उभी राहिली. "आम्ही... धरणावर... गेलो. पानी... आम्ही धरणावर... गाडीतून डबा..." मग खालची ओळ, मग परत वरची. मी दारातून बघत होते. तिचे डोळे ओळीवर चालतच नव्हते. पुढं उडी, मागं उडी, मध्येच खालच्या ओळीवर घसरण. कपाळावर घाम. मागून सोहम नावाचा कार्टा म्हणाला, "म्याडम, हिची गाडी धरनात पडली!" आणि सगळा वर्ग फुटला.

"शांत बसा रे. छकुली, पुन्हा वाच बाळा. घाई नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बुलढाणा शहरातला, स्वच्छ. शब्दांना इस्त्री केल्यासारखा. पण 'पुन्हा' म्हटल्याबरोबर छकुलीचे खांदे आत गेले. ती रडली नाही. पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. हाच धडा आदल्या संध्याकाळी तिनं मला पाठ म्हणून दाखवला होता. पण वर्गात मॅडमनी त्यातलं मधलंच पान काढून दिलं होतं.

मॅडमनी काकाला बोलावलं. तो शेतातून तसाच गेला, पायाला माती घेऊन. परत आला आणि ओट्यावर बसला. काकूनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"काय म्हने म्याडम?"

"आता पाचवीत नापास करतेत म्हने. पह्यले सरसकट वर ढकलत होते. आता परीक्षा. त्यात नाई झाली तं जूनमंधी अजून एक. त्यात बी नाई झाली, तं तथीच."

"मंग?"

"मंग काय? तथी बसली की पोरं हसतीन. हसले की ही जानार नाई. एकडाव नाई गेली, का मंग कधीच नाई जात." काकानं पाणी ओट्याखाली ओतून टाकलं. "मले ठावं हाय."

काकूनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. हे 'मले ठावं हाय' मी आमच्या ओट्यावरून ऐकलं तेव्हा मला वाटलं, काका नेहमीसारखं बापमाणसाचं बोलतोय.

मॅडमनीच सांगितलं होतं म्हणून आम्ही चिखलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. आम्ही म्हणजे काका, छकुली आणि मी, कारण भिंतीवरच्या पाट्या वाचायला कोणीतरी हवं होतं. चष्मा घरी राहिला होता ना. डॉक्टर सौमित्र तरुण होते, आणि दर वाक्यानंतर "ठीक?" म्हणायचे. "इकडे बस, ठीक? हनुवटी इथे, ठीक?" छकुलीला दहा मिनिटांत त्यांची नक्कल करावीशी वाटायला लागली, हे तिच्या ओठांवरून मला कळत होतं.

नंबर निघाला नाही. दूरचं स्वच्छ, जवळचं स्वच्छ. मग त्यांनी दोन पेनं तिच्यासमोर धरली. या टोकाकडं बघ, आता त्या टोकाकडं, परत इकडं. बराच वेळ बघत राहिले.

"असं आहे," ते काकाला म्हणाले. "वाचताना डोळा सरळ सरकत नाही, तो उड्या मारतो. एका शब्दावर थांबतो, उडी मारतो, पुढच्यावर थांबतो. दोन्ही डोळ्यांनी ती उडी सोबत मारायची आणि सोबत थांबायचं. हिचे डोळे सोबत पोचत नाहीत. एक जरा आधी पोचतो, दुसरा मागून येतो, आणि थांबल्यावरही जागेवर टिकत नाहीत. ठीक?"

काका पुढं सरकून बसला. इतकं लक्ष देऊन माणसाचं बोलणं ऐकताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"पण फक्त यामुळेच वाचता येत नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टर सांगत होते. "याला डिस्लेक्सिया म्हणतात, म्हणजे असण्याची शक्यता आहे. हुशार मुलांनाही असतो. अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही. डोळ्यांमुळे वाचन अडतं की वाचन अडतं म्हणून डोळे भरकटतात, हे अजून कोणी छातीठोक सांगत नाही. त्याची तपासणी वेगळी, शिकवायची पद्धत वेगळी. मी चिठ्ठी देतो, बुलढाण्याला दाखवा. ठीक?"

"ठीक," काका म्हणाला.

परतीच्या काळी-पिवळीत आम्ही मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो होतो. काकाचा चेहरा उजळला होता. "डाक्टर माह्याच धंद्यातला हाय बे करिष्मे."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? जोडी हाय. एक पुढं पयते, एक मांगं राह्यते. येवढंच तं हाय! म्या किती जोड्या सुधरवल्या."

"काका, ते पुढचं पन काहीतरी बोलले. बुलढान्याले..."

"जाऊ ना. पन तवपर्यंत घरी बसून राहाव का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं छकुलीला गोठ्यासमोर उभं केलं आणि ज्वारीचं एक धांडं तिच्या नाकासमोर इकडून तिकडं फिरवलं. गोऱ्ह्याची चाल बघतो तसं वाकून, डोळे बारीक करून बघितलं. "उजवा," तो शेवटी म्हणाला. "उजवा पयपुटा हाय." आणि काकूच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यानं तिच्या उजव्या डोळ्यावर बांधली. पळणाऱ्याच्या गळ्यात लोढणं. मागचा एकटा चालायला शिकला, की मग सोडायचं.

"अहो, ते लेकरू हाय, बैल नोहे," काकू म्हणाली.

"बैलाले बी म्या मारत नाई, हिले बी मारून नाई राह्यलो. बांधली फक्त."

"बाबा, कधीलोक ठेवू?" छकुलीनं विचारलं.

"डावा निगंलोक. दमानं निगते."

ती ऐकायची, कारण तिच्या बापानं तिला कधी बोट लावलं नव्हतं. काठीवाल्या बापाशी भांडता येतं. अशा बापाशी काय भांडणार? आधी पट्टी संध्याकाळपुरती होती. मग शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत. एका डोळ्यानं पायरीचा अंदाज येईना म्हणून ती ओट्यावरून पडली, गुडघा फुटला. चहा ओतताना धार कपाबाहेर जायची. डोकं दुखायचं, ते ती मला सांगायची, त्याला नाही. "ताई, बाबाले नको सांगू. त्याले वाटंन त्याचं शिकवनं लागू नाई होऊन राह्यलं."

पण काकाला तर ते लागू होताना दिसत होतं! रोज दिवेलागणीला ती कंदिलासारखा एक डोळा पेटवून पुस्तक उघडायची, बोट ठेवायची आणि घडाघडा वाचायची. बोट ओळीवरून सरकत जायचं. काका जूच्या दोऱ्या वळता वळता ऐकायचा, आणि माझ्याकडं बघून भुवया उडवायचा. पाहाय.

मी तेव्हा दहावीच्या सराव परीक्षेत बुडालेली. तिला वाचून दाखवणं सुटलं नव्हतं, पण मी दाखवायचे आणि पळायचे. तिच्या मागं उभं राहून पुस्तकात डोकावणं कोणालाच सुचलं नाही. काकू स्वयंपाकात. काका समोर, अगदी हातभर अंतरावर.

मग संक्रांतीनंतरचा तो दिवस आला. उकंडराव आपले दोन गोऱ्हे बघायला आले. उकंडराव पंधरा वर्षं ग्रामपंचायतीत होते, त्यांचा पुढचा एक दात नाही, त्यामुळं प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते, आणि प्रत्येक माणसाबद्दल त्यांच्याकडं एक टोमणा तयार असतो. निंबाखाली आणखी चार-पाच जण बसले होते. काकानं जोडी चालवून दाखवली. दोन्ही गोऱ्हे शेपटीला शेपटी लावून, गुरुजीशिवाय, आरामात चालले.

"वा बे चिंतामन. बैलायले तं शिकवलं. पोरीचं काय झालं? म्याडम सांगत होती, पाचवीतच घर करते म्हने."

काकानं कासरा खुंटीला बांधला. खरं तर त्यानं "पाहू" म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण त्या दिवशी जोडी सरळ चालली होती ना. त्याच्या अंगात आलं होतं. "छकुले, पुस्तक आन."

छकुली आली. उजव्या डोळ्यावर पट्टी. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि तेवढ्यात मला सगळं कळलं.  पण तोवर काकानं तिला दगडावर बसवलं होतं.

तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू झाली. धरणाची सहल. काय सुंदर वाचली! म्हातारी आली तिथं म्हातारीचा कापरा आवाज, ड्रायव्हर आला तिथं त्याचं खाकरणं. बसलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, "लय झ्याक." काका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि त्याची छाती मला दिसत होती, भात्यासारखी.

उकंडराव उठले, तिच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि चष्मा नाकावर सरकवून पुस्तकात वाकले.

"चिंतामन."

"काय जी?"

"हे पान तं दुसरंच हाय ना बे. हे मुंग्यायचं हाय. धरन कुठी हाय याच्यात?"

छकुलीचं बोट ओळीवर होतं तिथंच थांबलं.

"पोरगी पाठ म्हनून राह्यली. बोट नुसतं फिरवून राह्यली," उकंडराव हसले, आणि शिट्टी वाजली. "तू तं रोज समोर बसते म्हने. तुले नाई दिसलं? का चष्मा घरी राह्यला?"

सगळे हसले. वाईट हसले असं नाही. तो टोमणा गावात जुना होता, काका स्वतःही त्यावर हसायचा. पण या वेळी हसता हसता एकेकाचं हसणं मध्येच थांबलं. हातभर अंतरावरचं पुस्तक. रोज. आणि बापाला मुंग्या दिसल्या नाहीत. लोकांच्या चेहऱ्यावर तो हिशेब जुळत गेलेला मी बघितला, आणि काकानंही बघितला.

त्यानं गोऱ्ह्यांचे कासरे सोडून उकंडरावांच्या हातात दिले. लोक उठून गेले. निंबाखाली आम्ही तिघंच.

"बाबा, पट्टी सोडू?"

काकानं स्वतःच गाठ सोडली.  पट्टीखालचा डोळा लाल झाला होता, पाण्यानं भरलेला. छकुली उजेडाला दोन्ही डोळे मिचकावत राहिली, आणि म्हणाली, "मले वाटलं तुले ठावं हाय. मले वाटलं तुले दिसून बी तू काई बोलत नाई."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं आधी भांडी आवरली गेली. मग काकाचा आवाज आला. एवढं सलग तो आजवर फक्त बैलांशी बोलला होता.

"तिसरीत होतो. अक्षरं बसतच नोहती जागेवर. मास्तर छडी घेऊन उभा, मी वाचाले उभा, आन् ओय घसरून जाये. दोनदा तिसरीतच ठेवलं. बाप म्हने, दगड हाय हा, याले बैलामागं लाव. लावलं. मी खूश होतो. बैल कोनाले वाचाले नाई लावत." मग थोड्या वेळानं: "तुले बी सांगतलं नाई कधी."

"मले ठावं हाय," काकू म्हणाली. "लग्न होऊन महिना नोहता झाला तेव्हाच समजलं. येवढा चष्मा घरी राह्यते, तं मले घरात एकदा तरी दिसला असता."

काका हसला की काय केलं, ते भिंतीतून नीट कळलं नाही.

डॉक्टर सौमित्र यांनी लाल डोळा बघितला आणि या वेळी एकदाही "ठीक" म्हणाले नाहीत. "कोणी सांगितलं होतं हे करायला? डोळा बांधणं हा खेळ आहे का? दोघांनी सोबत चालायला शिकायचं, तर तुम्ही एकाला बाहेरच काढलं!"

"चुकलं साहेब," काका म्हणाला. "जोडी शिकवाची तं दोघंयलेबी जुवात ठेवाव लागते. हे मले समजाले पाह्यजे होतं. दुसऱ्या कोनाले नाई, मलेच."

डॉक्टरांना ते नीट कळलं नसावं, पण त्यांचा आवाज खाली आला. नशिबानं डोळ्याला कायमचं काही झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी काकानं शेवटपर्यंत ऐकलं. पट्टीनं होत नाही, गोळीनं होत नाही. अक्षराचा आवाज, मग शब्दाचा, एका वेळी एक ओळ, शेजारी कोणीतरी सोबत वाचणारं. वर्षं लागतात. पूर्ण जाईल असं नाही, पण वाचता येतं.

"आन् परीक्षा एप्रिलमंधी हाय," काका म्हणाला.

डॉक्टरांनी हात पसरले.

बुलढाण्याला गेलो. तिथली तारीख परीक्षेनंतरची मिळाली. तपासणी झाल्याशिवाय परीक्षेत जादा वेळ नाही, वाचून दाखवणारा माणूस नाही. अनुपमा मॅडम पंचायत समितीत जाऊन भांडून आल्या, घसा बसवून आल्या. इस्त्री केलेला आवाज पार चुरगळलेला. "मी प्रयत्न केला हो," एवढंच म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी काकू आणि छकुली एका पुस्तकावर वाकून बसायला लागल्या. काकू सातवी शिकलेली. पुठ्ठ्याला चीर पाडून एकच ओळ उघडी ठेवायची, आणि दोघींनी एकत्र मोठ्यानं वाचायचं. काकू अर्धा शब्द पुढं, छकुली मागून. काका दाराच्या चौकटीला टेकून बसायचा. काही दिवसांनी मला भिंतीतून तिसरा आवाज ऐकू यायला लागला. तो दोघींच्याही मागून यायचा, जाडजूड, अडखळत, बैलगाडी चिखलातून काढल्यासारखा. "मुं... ग्या... रां... गेत..."

एप्रिलच्या परीक्षेत छकुली गणितात, परिसर अभ्यासात पास झाली आणि मराठीत राहिली. जूनच्या फेरपरीक्षेत एका उताऱ्यावर प्रश्न होते. ती उतारा निम्मा वाचेपर्यंत घंटा झाली. जेवढं वाचलं होतं तेवढ्याची उत्तरं बरोबर होती. पण ती पुरली नाहीत. पाचवीतच ठेवलं.

छकुलीनं बोलणं बंद केलं. बाजारातून आली तरी कोण काय म्हणालं हे सांगेना. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दप्तर गव्हाणीत टाकून आली. "मी गुरुजीसंग जाईन. वावरात. बाबा गेला होता ना? त्याचं काय बिघडलं?"

काकानं गव्हाणीतून दप्तर काढलं, त्यावरचा कडबा झटकला.

आमच्याकडं शाळेच्या पहिल्या दिवशी पहिलीची नवी पोरं सजवलेल्या बैलगाडीतून मिरवत नेतात. गाडी दरवर्षी काकाची, बैल काकाचे. त्या सकाळी त्यानं गुरुजीच्या शिंगांना फुगे बांधले, पोरं गाडीत भरली, आणि छकुलीला पुढं धुरेवर आपल्या शेजारी बसवली. "गाडीपुरती चाल. मंग पाहू." ती त्याच्यासाठी बसली. दप्तर त्याच्या मांडीवर होतं.

शाळेच्या फाटकावर नवा फलक लावला होता, रंगीत, चार ओळींचा. हलगी वाजत होती. अनुपमा मॅडम ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. अख्खं गाव जमलेलं, सोहम आणि त्याची टोळी सहावीच्या नव्या दप्तरांसकट एका बाजूला. ती पोरं दिसली आणि छकुली धुरेवरच गोठली. दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरलं.

"उतर छकुले," काकू खालून म्हणाली.

ती मान हलवत राहिली.

"काय बे चिंतामन," उकंडराव गर्दीतून म्हणाले, बहुतेक ताण हलका करायलाच म्हणाले असतील. "फलक पाह्यला का? का आज बी चष्मा घरी?"

काका गाडीवरून उतरला. खिसा चाचपला नाही. "चष्मा नाई घरी," तो म्हणाला. "कधीच नोहता उकंडभाऊ. मले वाचताच येत नोहतं."

हलगीवाल्याचा हात थांबला.

काका फलकासमोर जाऊन उभा राहिला. एक बोट वर धरलं, हवेतच, आणि मोठ्यानं सुरू केलं. "प... ह्या... पह्या... नाई. थांबा. प... हि... लं... पहिलं... पा..." त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "पा... ऊ... ल." तो पुढच्या ओळीवर गेला, तिथं अडकला, मागं आला, परत अडकला. टोळीतला एक जण फिस्सकन हसला. काका थांबला नाही. बोट हवेत डुगडुगत होतं. "शा... ळे... च्या..." आणि पुढं डोळे घसरले, त्यानं एकदम शेवटच्या ओळीतलं गावाचं नाव वाचून टाकलं, आणि झालं वाचून म्हणून थांबला, छातीत हवा भरून.

 गुरुजीनं कान हलवला, फुगा फुग्यावर घासला.

गाडीवरून बारीक आवाज आला. किती दिवसांनी.

"बाबा, मधली ओय राह्यली."

काका मागं वळला. "कोनती?"

छकुली धुरेवरून उतरली. काका उतरताना त्याच्या मांडीवरून खाली पडलेलं दप्तर तिनं उचललं, त्याच्याजवळ आली, आणि त्यातला चीर पाडलेला पुठ्ठा काढून फलकावर धरायला गेली. तिचा हात पोचेना, म्हणून काकानं तिला कमरेला धरून उचललं.

"हे पाह्य. इथून," ती म्हणाली. "संगं म्हन."